कान आणि काळीज

ग्रीकांचा पंडित उठला आणि त्यानं एक बोट वर केलं. समोर, ग्रीकांचे कायदे मागणाऱ्या रोमनांनी खुणांच्या वादासाठी उभा केलेला माणूस म्हणजे गावातला एक दांडगट, अंगावर उसनी विद्वानाची वस्त्रं. त्यानं अंगठा आणि दोन बोटं अशी तीन वर केली. पंडितानं उघडा तळहात पुढे धरला, दांडगटानं मूठ वळून दाखवली. पंडित समाधानानं खाली बसला आणि आपल्या लोकांना म्हणाला, यांना आपले कायदे देऊन टाका, हे त्या लायकीचे आहेत. मी म्हटलं देव एक, तो म्हणाला एक पण तीन रूपांत. मी म्हटलं सगळं त्याच्या इच्छेनं चालतं, तो म्हणाला सगळं त्याच्या मुठीत आहे. इकडे रोमनांनी दांडगटाला विचारलं, तर तो रागानं लाल झालेला. त्यानं सांगितलं: तो पंडित म्हणाला तुझा डोळा फोडीन, मी म्हटलं दोन बोटांनी तुझे दोन्ही डोळे काढीन आणि अंगठ्यानं दात पाडीन. तो म्हणाला थोबाडीत देईन, मी म्हटलं असा ठोसा ठेवून देईन की जन्मभर लक्षात राहील.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. ही गोष्ट मला पाठ होती. मिरजेच्या वाड्यात, दिवे गेलेले असताना, आजीनं ती हातवारे करून सांगितली होती. तिच्या गोष्टीत पंडिताच्या जागी राजकन्या विद्योत्तमा होती आणि दांडगटाच्या जागी अडाणी कालिदास. तेच एक बोट, तोच डोळा फोडण्याचा धाक, तोच तळहात आणि तीच मूठ. आता ती समोर आली होती चौदाव्या शतकातल्या एका स्पॅनिश पाद्र्याच्या काव्यात. त्याच्या आधी ही गोष्ट इटलीतल्या अक्कुर्सियस नावाच्या कायदेपंडितानं रोमन कायद्यावरच्या आपल्या टीपेत लिहून ठेवली होती. कुठून कुठे गेली असेल याचा नाद मी सोडून दिला. गोष्ट सांगून पाद्री काय म्हणतो तिकडे लक्ष दिलं. तो म्हणतो, वाईट अर्थानं घेतला नाही तर कुठलाच शब्द वाईट नसतो.

प्रेमावरच्या पुस्तकाच्या तोंडाशीच हे वाक्य आहे. पुढची साडेसोळाशेच्या वर कडवी वाचताना मला दर दहा पानांनी त्याच्याकडे परत यावं लागलं.

या पाद्र्याचं नाव हुआन रुइस. कास्तिलमधल्या इता नावाच्या डोंगरावरच्या गावचा तो आर्सिप्रेस्ते, म्हणजे आसपासच्या पाद्र्यांवरचा मुख्य. इता आज ग्वादालाहारा प्रांतात येतं. पुस्तकाचं नाव ‘लिब्रो दे बुएन आमोर’. त्याची तीन मुख्य हस्तलिखितं उरली आहेत. एकात पुस्तक पुरं झाल्याचं साल १३३० असं पडतं, दुसऱ्यात १३४३. आपल्या हिशेबानं सांगायचं तर ज्ञानेश्वरीनंतर चाळीस-पन्नास वर्षांनी. सर्वांत भरगच्च प्रत सालामान्काची. ती पंधराव्या शतकात आल्फोन्सो दे पारादीनास नावाच्या विद्यार्थ्यानं उतरवून घेतली. शेवटी तो लिहितो की कार्डिनल आल्बोर्नोसच्या हुकमानं कवी तुरुंगात असताना हे रचलं गेलं. काव्याची सुरुवातही कैदेतून सोडवण्याच्या प्रार्थनेनं होते. ती कैद दगडी भिंतींची की देहाची, यावर अभ्यासकांची अजून एकवाक्यता नाही. मला विचाराल तर दोन्ही एका वेळी ऐकू येतात, आणि कवीला तेच हवं होतं.

मी पोटासाठी स्पॅनिश कागदपत्रांची भाषांतरं करते. करारनामे, यंत्रांची माहितीपत्रकं, औषधांच्या चिठ्ठ्या. तिथं एका शब्दाला एकच अर्थ असावा लागतो, दोन निघाले तर काम परत येतं. म्हणून कदाचित हे पुस्तक दोन वर्षं उशाशी राहिलं. यात पुस्तक स्वतःच बोलतं आणि सांगतं की मी सगळ्या वाद्यांचा सोयरा आहे, तू जशी तार छेडशील तसा वाजेन.

आता नावाकडे येते. ‘बुएन आमोर’ म्हणजे शब्दशः चांगलं प्रेम. त्याच्या विरुद्ध कवी ठेवतो ‘लोको आमोर’, वेडं प्रेम. आरंभीच्या गद्य प्रस्तावनेत, जी प्रवचनाच्या थाटात लिहिलेली आहे, तो बजावतो की चांगलं प्रेम देवावरचं, वेडं प्रेम या जगातल्या पापाचं. आणि लगेच पुढे म्हणतो, तरीही पाप करणं ही माणसाची रीत आहे, तेव्हा कुणाला ते वेडं प्रेम करायचंच असेल (तसा सल्ला मी देत नाही), तर त्याचेही मार्ग त्याला इथं सापडतील. याच दोन वाक्यांवर दोनशे वर्षं भांडण चाललेलं आहे. हा उपदेशाचा ग्रंथ आहे की उपदेशाचा झगा घातलेला मौजेचा ग्रंथ?

मराठीत आणताना मी आधी ‘वेडं’पाशीच अडले. आपल्याकडे वेडं म्हणताना शिवी क्वचितच असते. आई लेकराला वेड्या म्हणते, नवरा-बायको एकमेकांना म्हणतात, आणि संतांच्या बोलीत तर देवाच्या मागे लागलेला माणूसच वेडा. म्हणजे पाद्र्यानं ज्या शब्दानं प्रेमाच्या दोन वाटा वेगळ्या काढल्या, तोच शब्द मराठीत त्या दोन वाटा पुन्हा एकत्र आणतो. ‘चांगलं’ हाही शब्द मला कोरडा वाटत होता. ‘भलं प्रेम’ म्हणून पाहिलं, ‘सत्प्रेम’ म्हणून पाहिलं. सत्प्रेमात देव येतो, पण बाकीचे सगळे निघून जातात. आणि या पुस्तकात बाकीचे फार आहेत.

पुस्तकभर ‘मी’ प्रेमात पडतो आणि हरतो. पहिली बाई शहाणी, ती गोष्ट सांगून त्याला वाटेला लावते. दुसरीसाठी त्यानं मित्राला निरोप्या म्हणून पाठवलं, तर मित्रानंच तिला पटकावलं. मग ‘प्रेम’ स्वतः उंच देखण्या पुरुषाच्या रूपात रात्री दारात येऊन उभं राहतं आणि कवी त्याच्यावर मनसोक्त आगपाखड करतो. ग्वादारामाच्या डोंगरात खिंड अडवून बसलेल्या दणकट गवळणी त्याला थंडीवाऱ्यात गाठतात. एक तर त्याला मानेवर टाकून घरी घेऊन जाते. मटण आणि उपास यांची लढाई होते. हे सगळं वाचायला बहारीचं आहे, पण त्यावर इथं थांबत नाही.

मला थांबायचं आहे दोन्या एंद्रीनापाशी (‘दोन्या’ म्हणजे आपलं श्रीमती). ही तरुण विधवा आहे. एंद्रीना म्हणजे रानात होणारं एक गर्द निळं आंबट फळ. त्याच्यावर पांढुरकी धूळ असते, बोट लागलं की ती पुसते आणि ठसा राहतो. काळ्या द्राक्षांवर असते ना, तशीच. विधवेला हे नाव देणाऱ्या कवीला पुढे काय होणार ते पहिल्यापासून ठाऊक होतं. ती चौकातून चालत येते तेव्हाचं कडवं स्पॅनिश शाळांतली पोरं आजही म्हणतात:

देवा, किती सुंदर येतेय एंद्रीना चौकातून!
काय बांधा, काय डौल, बगळ्याची उंच मान!
काय केस, काय इवलं तोंड, काय कांती, काय चाल!
डोळे उचलून पाहते तेव्हा प्रेमाचे बाण मारते.

आणि पुढच्याच कडव्यात: पण ती जागा प्रेमाचं बोलण्याची नव्हती. सगळं गाव बघतंय. त्याचे हातपाय थरथरू लागतात, पाठ केलेलं बोलणं विसरतं. मला या दोन कडव्यांमधली ती फट आवडते. पहिल्यात ती एकटीच आहे, जगात दुसरं कुणी नाही. दुसऱ्यात एकदम आजूबाजूची माणसं दिसू लागतात.

माणसं बघत असताना दोघांचं बोलणं व्हायचं तर तिसरं कुणीतरी लागतं. इथे ती येते. तिला सगळे त्रोताकोन्वेंतोस म्हणतात, मठोमठी तुरुतुरु फिरणारी. म्हातारी आहे. कवीचा शब्द ‘बुओना’, दारोदार दागदागिने विकणारी फेरीवाली. ती एंद्रीनाच्या गल्लीत शिरते ती घुंगरं वाजवत, अंगठ्या आणि टाचण्या हलवून दाखवत, टॉवेल घ्या, टेबलावरच्या चादरी घ्या असं ओरडत. एंद्रीना तिला बघते आणि म्हणते, ये आत, भिऊ नकोस.

बुओना हा शब्द वाचताना माझ्या कानात दुसराच वाजत होता. बोहारीण. दोघींचं व्युत्पत्तीचं काही नातं नाही, आवाजाचा योगायोग आहे. पण माझ्या वाड्याचं दार तिनंच उघडलं.

आमची बोहारीण महिन्यातून एकदा दुपारी यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्याला जुन्या कपड्यांचं गाठोडं. आजी माळ्यावरून बोचकं काढायची आणि सोप्यात दोघींची घासाघीस सुरू व्हायची. ती प्रत्येक पँट उजेडाकडे धरून बघायची, विरलेलं असेल तर सूर्य आरपार दिसतो म्हणायची. जरीच्या साडीचा काठ अंगठ्याच्या नखानं खरवडायची. मग पाटीतलं पातेलं काढून बोटाच्या पेरानं वाजवायची आणि आजीच्या हातात द्यायची. पण पातेलं ठरल्यावरही ती लगेच उठत नसे. पाणी प्यायची आणि बोलायची. आत्याचं लग्न जमत नव्हतं तेव्हाची गोष्ट. ती आजीला म्हणाली, “आई, सांगलीला एक घर आहे. मुलगा मास्तर आहे. मी पाच वर्षं त्यांचे कपडे नेते. धोतर जुन्यात टाकलेलं असलं तरी धुतलेलं असतं, कुठं उसवलं असेल तर शिवलेलं असतं. दुसऱ्याच्या हातात द्यायचं म्हणून शिवतात. अशा घरात मुलगी सुखात राहील.”

आजीनं पत्रिका नंतर बघितली. आत्या त्या घरात गेली.

त्रोताकोन्वेंतोस अशी भली नव्हती, हे मला लपवायचं नाही. एंद्रीनाचं प्रकरण कवीनं ‘पाम्फिलुस’ नावाच्या बाराव्या शतकातल्या लॅटिन प्रेमनाट्यावरून घेतलं, आणि मूळ लॅटिनमध्ये जे होतं ती जबरदस्तीच आहे. म्हातारी एंद्रीनाला फळं आणि खेळ यांचं आमिष दाखवून आपल्या घरी आणते, तिच्यामागे लागलेला ‘दोन मेलोन’ (‘दोन’ म्हणजे आपलं श्रीयुत) दार ठोठावतो, म्हातारी बाहेर निघून जाते. नेमकी त्या क्षणाची पानं हस्तलिखितांतून गळालेली आहेत. पुढचं पान सुरू होतं तेव्हा एंद्रीना रडते आहे आणि म्हातारी तिला समजावते आहे की झालं ते झालं, गप्प राहा, लग्न करून घे. मग दोघांचं लग्न लागतं. वाचताना माझा घसा कोरडा पडला. काही टीकाकार हा भाग हसतखेळत ओलांडतात, मला ते जमलं नाही. ती गळालेली पानं सापडली तरी त्यांनी एंद्रीनाचं रडणं थांबणार नाही.

इथे कवी दोन गोष्टी करतो आणि त्या दोन्हींनी माझं मत बनलं.

एक. प्रकरण सुरू असताना ‘मी’ हळूच ‘दोन मेलोन’ झालेला असतो. सुरुवातीला आर्सिप्रेस्ते स्वतः बोलत होता, शेवटी लग्न मेलोनचं लागतं. मग तो सांगतो की एंद्रीनाची ही कथा नीट समजून घ्या, ती दाखला म्हणून सांगितली, माझ्यावर गुदरली म्हणून नव्हे. पळवाट वाटेल, पण मला ती लाज वाटते. मधाळ ‘मी’नं जिथवर नेलं तिथं त्याला स्वतःच्या नावानं उभं राहवलं नाही.

दोन. तो बायकांना गाढवाची गोष्ट सांगतो. सिंहाच्या मेजवानीत गाढव रेकलं, सिंह चिडला, गाढव पळालं. कोल्हीनं गोड बोलून त्याला परत आणलं आणि सिंहानं मारलं. लांडग्याला राखणीला ठेवलं, तर त्यानं काळीज आणि कान खाऊन टाकले. सिंहानं विचारलं, कुठे गेले? लांडगा म्हणाला, महाराज, हे जन्मालाच तसं आलं होतं. कान आणि काळीज असतं तर तुमचा कावा त्यानं ओळखला नसता का? परत आलं असतं का?

पंचतंत्र वाचलेल्या कुणालाही हे गाढव ओळखू येईल. लंबकर्ण. आपल्याकडच्या गोष्टीत कान-काळीज कोल्हा खातो आणि उत्तरही तोच देतो. पंचतंत्र पहलवीतून अरबीत गेलं, अरबी ‘कलिला व दिमना’ १२५१ मध्ये कास्तिलच्या भाषेत आलं, म्हणजे हुआन रुइसच्या आधी ऐंशी वर्षं. ती गोष्ट त्याच्यापर्यंत त्या वाटेनं आली की इसापच्या लॅटिन कथांच्या वाटेनं, याचा वाद अभ्यासकांचा. मला एक फरक महत्त्वाचा वाटला. पंचतंत्रात कोल्हा लंबकर्णाला गाढविणींचं आमिष दाखवून परत आणतो. फसतो तो कामातुर नर. स्पॅनिश पाद्र्यानं गोष्ट उचलली आणि तिचं तोंड बायकांकडे वळवलं. तो म्हणतो, बायांनो, ही कविता नीट समजून घ्या, वेड्या प्रेमापासून जपा, कान उघडे ठेवा आणि काळीज देवाच्या निर्मळ प्रेमात झोकून द्या. फसवणारा पुरुष आणि सावध राहायचं बाईनं, ही रीत तेव्हाही होती. पण ज्या माणसानं एंद्रीनाला भुलवण्याच्या युक्त्या दोनशे कडव्यांत इतक्या रसाळपणे सांगितल्या, त्यानंच लगेच त्या युक्त्या ऐकणारीच्या हाती ठेवल्या, हेही खरं. सापळ्याचं वर्णन शिकाऱ्यालाही उपयोगी पडतं आणि सशालाही.

कान उघडे ठेवून पुढे वाचलं की पुस्तकाच्या नावाचा उलगडा होतो.

कवी पुन्हा एकीच्या प्रेमात पडलेला असतो. म्हातारीला निरोप घेऊन पाठवतो आणि थट्टेत म्हणतो, ए बडबड्या साळुंके. मूळ पक्षी साळुंकी नव्हे, पण असाच काळापांढरा, कलकलाट करणारा. म्हातारीचं नावही उर्राका, म्हणजे तोच पक्षी. तिला शब्द लागतो. ती रागानं जाऊन सगळं गुपित फोडते आणि प्रेमप्रकरण बुडतं. तो हात जोडतो. मग चार कडवी तो फक्त नावं मोजतो, मध्यस्थ बाईला कधीही म्हणू नयेत अशी चाळीसेक नावं. घंटा, गळ, शिडी, चिमटा, दोरी, पांघरूण, लगाम. एक नाव आहे ‘भाष्य’. एका ठिकाणी म्हणतो, तुझ्यासाठी धावली तरी तिला धावणारी म्हणू नकोस. मराठीत मी कुंटीण हा शब्द लिहून बघितला आणि खोडला. तोही या यादीतला आहे.

म्हातारी म्हणते, मला वाईट, ओंगळ नावानं कधी हाक मारू नका. मला ‘चांगलं प्रेम’ म्हणा, मी इमानानं वागेन. आणि ९३३व्या कडव्यात कवी सांगतो: म्हातारीवरच्या मायेपोटी, आणि खरं बोलायचं म्हणून, पुस्तकालाही मी ‘चांगलं प्रेम’ म्हटलं आणि तिलाही, सदैव.

१८९८ मध्ये स्पॅनिश भाषापंडित मेनेन्देस पिदालनी पुस्तकाचं नाव ‘लिब्रो दे बुएन आमोर’ असंच हवं म्हणून पक्कं केलं, ते अशाच ओळींच्या आधारानं. त्यानंतर या दोन शब्दांवर केवढं लिहिलं गेलं. आमेरिको कास्त्रो या अभ्यासकाला त्यात अरबी अंदालुसियाचा श्वास ऐकू आला. कोर्दोबाच्या इब्न हझमनं अकराव्या शतकात लिहिलेल्या प्रेमग्रंथाशी त्यानं हे पुस्तक जोडलं, जिथे पवित्र आणि ऐहिक एकाच कापडाच्या दोन बाजू असतात. मारिया रोसा लीदा या अर्जेंटिनाच्या विदुषीनं स्पेनमधल्या ज्यूंच्या हिब्रू मकामांशी, म्हणजे यमकबद्ध गद्यातल्या कथांशी, नातं दाखवलं आणि उपदेशाचा हेतू प्रामाणिक आहे म्हणून ठासून सांगितलं. इतिहासकार सांचेस-आल्बोर्नोसनं कास्त्रोला खोडून काढलं. या सगळ्यांकडून मी शिकले. लीदांच्या लेखनातली शिस्त तर मला परत परत वाचायला लावते. पण वाद बहुतेक वेळा देव की देह असा चालतो, आणि ९३३वं कडवं त्यात एक विनोदी वळण म्हणून हिशेबात धरलं जातं. मी ते विनोद म्हणून वाचू शकत नाही. इथे तिसरंच कुणी आहे. कवीनं आपल्या सर्वांत मोठ्या शब्दाला एका बदनाम म्हाताऱ्या बाईचं नाव दिलं, आणि ती मेली तेव्हा तो खरा होता हे कळलं.

तिची अखेरची फेरी एका मोरीश, म्हणजे मुसलमान, तरुणीकडे आहे. म्हातारी स्पॅनिशमध्ये लांबलचक लाघव करते आणि मुलगी दर वेळी एका-दोन अरबी शब्दांत उत्तर देते. मला नाही माहीत. नाही, देवाशपथ. गप्प बस. जा. स्पॅनिश पुस्तकात ते अरबी शब्द तसेच ठेवलेले आहेत, अर्थ न सांगता. १३३०च्या श्रोत्यांना तो सांगावा लागत नव्हता. जिच्या बोलण्यानं मठाची दारं उघडली ती इथे अडते. काही कडव्यांनी ती गेलेली असते.

पुस्तकात त्याआधीही मरणं आहेत. दोन्या गारोसा नावाची जोगीण, जिनं त्याच्यावर निर्मळ प्रेम केलं, दोन महिन्यांत गेली; तिच्यासाठी तो दुःख करतो आणि पुढे जातो. म्हातारीसाठी मात्र पन्नासहून जास्त कडवी आक्रोश आहे. मरणा, तुलाच मरण येवो, तुझं वाटोळं होवो! माझ्या म्हातारीला नेलंस, त्याआधी मला न्यायचं होतंस! मग मरण काय काय करतं ते सांगत जातो: मेलेल्याच्या अंगाला कुणी हात लावत नाही, नातलग आधी पेट्या उघडतात, प्रेत लवकर बाहेर काढा म्हणतात. खुद्द ख्रिस्तालाही मरणानं स्पर्श केला आणि ख्रिस्तानं मरणाला कसं हरवलं, इथवर तो म्हातारीच्या निमित्तानं जातो. आणि तिला म्हणतो, तू नक्की स्वर्गात बसली आहेस, हुतात्म्यांच्या सोबत.

धर्माच्या अधिकाऱ्यानं कुंटिणीला हुतात्म्यांत बसवावं, हे वाचून कुणाला हसू येत असेल तर ते कवीनं मोकळं ठेवलंय. पण कान देऊन ऐका. पुस्तकभर चौकातल्या बायकांसाठी त्यानं जे म्हटलं त्यातलं पुष्कळसं लॅटिन पुस्तकांतून घेतलेलं आहे, ठाशीव आहे. इथे आवाज फाटलेला आहे. पेट्या उघडणारे नातलग त्यानं कुठेतरी स्वतः पाहिलेले आहेत.

ती गेल्यावर पुस्तकाचं काय होतं तेही बघण्यासारखं आहे. पुढे लहानखुऱ्या बायकांच्या स्तुतीची गोड कडवी येतात: मिरीचा दाणा केवढासा, पण ऊब केवढी, इवल्याशा साखरेत केवढी गोडी. (त्या मिऱ्या मलबारच्या किनाऱ्यावरूनच तिकडे पोचत.) मग वसंत येतो, कवीला पुन्हा बाई हवी असते, आणि निरोप्या म्हणून दोन फुरोन नावाचा पोरगा मिळतो. चौदा खोडी सोडल्या तर गुणी: खोटारडा, दारुडा, चोर, चहाडखोर, जुगारी, भांडखोर, खादाड, आणि अशीच लांबत जाणारी यादी. तो प्रेमाची कविता भर बाजारात मोठ्यानं वाचत जातो. बाई म्हणते, चालता हो. ते शेवटचं प्रेम. म्हातारीवाचून प्रेम होत नाही, हे कवी कुठेही म्हणत नाही. फक्त त्यानंतर पुस्तक आवरतं घेतो. ज्याला चांगलं रचता येतं त्यानं यात भर घालावी, दुरुस्ती करावी म्हणतो. हे हातोहात फिरू दे, बायका चेंडू खेळतात तसं, ज्याला झेलता येईल त्यानं झेलावं.

पण मी दर वेळी मागे जाऊन तिच्या थडग्यावरचा लेख वाचते. तो तिच्या तोंडून आहे. मी उर्राका, इथे पडले आहे. आणि शेवटी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते: इथवर जो येईल त्याचं देव भलं करो, त्याला चांगलं प्रेम देवो आणि सखीचं सुख देवो. त्यानं माझ्यासाठी एक प्रार्थना म्हणावी. म्हणायची नसेल तर नको, पण मेलेलीला शिव्याशाप देऊ नये.

तिला ठाऊक आहे लोक काय म्हणतील. आयुष्यभर ती चाळीस नावं ऐकत आली.

आत्याच्या लग्नाच्या पंगतीत आमची बोहारीण नव्हती. मागच्या दारी तिला साडी आणि पानभर जेवण दिलं, ती पाटी खाली ठेवून जेवली आणि गेली. पुढे कितीतरी वर्षं येत राहिली. मग एका दुपारी हाळी ऐकू आली आणि दारात दुसरीच बाई होती, तरुण, पाटी तीच वाटत होती. आजीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “सासूबाई माघातच गेल्या.” सात महिने झाले होते. आजीनं त्या दिवशी घासाघीस केली नाही.

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला आजोबांचं पान वाढून आजी गच्चीवर गेली, मी मागं पाण्याचा तांब्या घेऊन. तिच्या हातात दोन पानं होती. दुसरं कुणाचं, म्हणून मी विचारलं.

“बोहारणीचं.”

“नाव काय होतं तिचं?”

आजी पान ठेवता ठेवता थांबली. “विचारलंच नाही गं कधी,” म्हणाली. कठड्यावर कावळा येऊन बसला होता. तिनं आजोबांच्या पानावरचा एक वडा उचलून त्या पानावर ठेवला.